उरलेल्या साठ टक्क्यांचे काय?

उमरीच्या मुलांना शिकण्यासाठी आता उमरी सोडायची गरज उरलेली नाही, हे वाक्य गेल्या चार-पाच वर्षांत इतक्या व्यासपीठांवरून ऐकू आले आहे की त्याला आता कोणी पुरावाही मागत नाही. उमरीच्या जागी कधी किनवट असते, कधी देगलूर, कधी लातूरकडचे जळकोट. मांडणी तीच. चांगला प्राध्यापक पूर्वी पुण्या-मुंबईत अडकून पडला होता, आता तो खिशात आला. मनमाड–सिकंदराबाद मार्गावरच्या एका लहान स्टेशनाच्या गावातली मुलगी आयआयटीतल्या मोठ्या प्राध्यापकाचे व्याख्यान रात्री दहा वाजता घरी बसून ऐकू शकते. कळले नाही तर मागे नेऊन पुन्हा ऐकू शकते. मग वर्ग, बाक, घंटा, हजेरीपट यांचा हट्ट कशाला? अंतर संपले आहे, आणि ज्यांना ते दिसत नाही ते फळ्याला चिकटलेले जुने लोक.

मी फळ्याला चिकटलेला नाही आणि या मांडणीला मूर्खपणाही म्हणणार नाही. तिचा पहिला अर्धा भाग खरा आहे. व्याख्यान खरोखरच पोचते. माझे भांडण पुढच्या पायरीशी आहे. व्याख्यान पोचले म्हणजे शिक्षण पोचले, आणि शिक्षण पोचले म्हणजे गावातल्या कॉलेजात माणसे थोडी कमी असली तरी चालतील, अशी ती पायरी आहे. तिचा दुसरा भाग व्यासपीठावर कोणी बोलत नाही. तो वेळापत्रकात आणि पदभरतीच्या फायलीत दिसतो.

आधी आपल्याच बाजूचा एक शिळा मुद्दा बाजूला काढतो. ऑनलाइन शिक्षणावर टीका करणारे अजूनही 'खेड्यात फोन कुठे आहे, रेंज कुठे आहे' एवढ्यावरच थांबतात. 'असर' या ग्रामीण शिक्षणावरच्या अहवालाच्या 2018 च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या शाळकरी मुलांपैकी साधारण 36 टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता. 2022 मध्ये हा आकडा 74.8 टक्क्यांवर गेला. 2024 च्या पाहणीत 14 ते 16 वयाच्या मुलांपैकी 82 टक्क्यांना स्मार्टफोन वापरता येत होता. फोन आला, तो आणखी येईल. 'फोन नाही' एवढ्याच पायावर ज्यांनी विरोध उभा केला आहे त्यांना शेवटचा फोन घरात येईल त्या दिवशी गप्प बसावे लागेल. त्याच पाहणीत आणखी एक जोडी आहे, तिच्याकडे मात्र कोणी पाहत नाही. आदल्या आठवड्यात अभ्यासासाठी फोन वापरलेली मुले 57 टक्के, समाजमाध्यमांसाठी वापरलेली 76 टक्के. हातात फोन आल्यावर तो कशासाठी उघडायचा, हे ठरवायला शेजारी कोण आहे, हा प्रश्न फोनच्या संख्येने सुटत नाही. तो तिथूनच सुरू होतो.

आता मूळ कागदाकडे येऊ. मे 2021 मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने मिश्र अध्यापनपद्धतीवर एक संकल्पना-टिपण काढले. कोणत्याही अभ्यासक्रमाचा 40 टक्क्यांपर्यंतचा भाग ऑनलाइन शिकवावा, उरलेला 60 टक्के वर्गात, असे त्यात सुचवले होते. त्याच वर्षी 'स्वयम्' या सरकारी ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या मंचाच्या नियमांतही एका सत्रातल्या 40 टक्क्यांपर्यंतच्या अभ्यासक्रमांचे श्रेयांक ऑनलाइन मिळवायची मुभा दिली गेली. टिपणात आणखी एक गोष्ट आहे, ती मला मनापासून पटते. मिश्र पद्धतीत शिक्षक माहिती देणारा उरत नाही. तो मुलाला हाताशी धरून पुढे नेणारा, अडल्यावर मार्ग दाखवणारा होतो, असे तिथे म्हटले आहे. म्हणजे चाळीस टक्के यंत्रावर जातील तेव्हा साठ टक्क्यांतल्या माणसाचे काम अवघड होईल, अधिक वैयक्तिक होईल. कागदावर हे अगदी बरोबर आहे.

तो माणूस आहे कुठे?

महाराष्ट्रात प्राध्यापक भरतीवर मे 2017 मध्ये बंदी आली. 2018 च्या नोव्हेंबरात ती उठवताना अनुदानित महाविद्यालयांतल्या रिक्त पदांपैकी 40 टक्के, म्हणजे 3,580 पदे भरायला परवानगी मिळाली. पुन्हा तोच आकडा. योगायोगच आहे, पण विद्यार्थ्याच्या वेळापत्रकात चाळीस टक्के ऑनलाइन घुसवणाऱ्यांनी शेजारच्या फायलीतले हे चाळीस एकदा वाचायला हवेत. त्या 3,580 पैकी उरलेली 2,088 पदे भरायला पुढची मान्यता मिळेपर्यंत 2021 साल संपत आले होते. मधल्या काळात वर्ग कोणी घेतले? ज्यांनी घेतले त्यांना आपल्याकडे सगळे 'सीएचबी' म्हणतात. तासिका तत्त्वावरचे हे प्राध्यापक. नेट, सेट, पीएच.डी. झालेली, तिशी-चाळिशीतली ही माणसे सकाळी एका कॉलेजात तीन तास घेतात, दुपारी मोटारसायकलला किक मारून दुसरीकडे जातात, आणि सुट्ट्यांत त्यांना काहीच मिळत नाही. मानधन सत्र संपल्यावर येते, कधी त्याच्याही नंतर.

या व्यवस्थेचा गाभा असा आहे की पैसे फक्त तासिकेचे मिळतात. वर्गात उभे राहून बोललेल्या तासाचे. तासिका संपल्यावर व्हरांड्यात थांबून एखाद्या पोराला 'तुझं नेमकं कुठं अडतंय' हे विचारलेल्या अर्ध्या तासाचे नाहीत. त्याची वही घरी नेऊन तपासल्याचे नाहीत. दोन महिने न आलेल्या मुलीच्या घरी फोन केल्याचे नाहीत. आणि आयोगाचे टिपण ज्याला साठ टक्क्यांचा प्राण मानते ते काम नेमके हेच आहे. म्हणजे जे यंत्र करू शकते, बोलणे, त्याचेच आपण माणसाला पैसे देतो, आणि जे यंत्राला जमत नाही ते त्याच्याकडून फुकट घेतो किंवा घेतच नाही. असे मिश्रण तालुक्याच्या गावात उतरवले की एका बाजूला रेकॉर्ड केलेले व्याख्यान येते आणि दुसऱ्या बाजूला घाईत पुढच्या कॉलेजकडे निघालेला माणूस. दोन्हीकडे बोलणेच आहे. ऐकून घेणारा कोणीच नाही.

शाळांची कथा फार वेगळी नाही. 2023 मध्ये जिल्हा परिषदेच्या रिक्त जागांवर निवृत्त शिक्षकांना महिना 20,000 रुपयांवर बोलावण्याचा निर्णय झाला, आणि त्याच वर्षाच्या शेवटी शिक्षकांनी मुलांची हजेरी 'स्विफ्टचॅट' या अॅपवर भरायची सक्ती आली. माणसांची कमतरता आणि अॅपची चैन एकाच वर्षी, एकाच खात्यात. द्विशिक्षकी शाळेत एक गुरुजी माहिती भरत बसला की दुसऱ्याच्या हाती चार वर्ग येतात, एवढा हिशोब मंत्रालयात कोणी मांडला असेल का, शंका आहे.

यावर ठरलेले उत्तर येते: टाळेबंदीच्या काळावरून ऑनलाइन शिक्षणाला नावे ठेवू नका, ती आणीबाणी होती. हे उत्तर मी मान्य करतो, पण मग ते दोन्ही बाजूंना लागू करावे लागेल. मार्च 2020 नंतर राज्यात 'शाळा बंद, पण शिक्षण आहे' ही अभ्यासमाला सुरू झाली, सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' आली, 'दीक्षा' अॅपच्या लिंका रोज सकाळी ग्रुपवर पडू लागल्या. करणाऱ्यांचा हेतू चांगला होता, 'टिलीमिली'तले काही भाग तर खरेच सुंदर होते. पण पुढे याच काळातले 'इतक्या लाख मुलांपर्यंत पोचलो' हे आकडे डिजिटल क्रांतीचा पुरावा म्हणून मिरवले गेले. आणीबाणीतले अपयश मोजायचे नसेल तर आणीबाणीतली पोचही मोजू नका.

आणि मोजायचेच असेल तर मग नीट मोजू. ऑगस्ट 2021 मध्ये अर्थशास्त्रज्ञ ज्याँ द्रेझ आणि सहकाऱ्यांनी 15 राज्ये आणि केंद्रशासित प्रदेशांतल्या गरीब वस्त्यांत केलेल्या पाहणीत ग्रामीण भागातली नियमित ऑनलाइन शिकणारी मुले 8 टक्के निघाली. 37 टक्के मुले अजिबात शिकत नव्हती. 'असर'नुसार दुसरीचे पुस्तक वाचता येणारी तिसरीतली मुले 2018 मध्ये देशात 27.3 टक्के होती, 2022 मध्ये 20.5 टक्के उरली. आणि याच काळात आपल्या मंडळाचा दहावीचा निकाल किती लागला? परीक्षाच न झालेल्या 2021 सालात 99.95 टक्के. बारावीचा 99.63. शिकणे खाली गेले आणि निकाल आभाळाला लागला. दोन्ही आकडे एकाच पिढीचे आहेत. 2021 ला दहावी झालेली ती मुले आज पदवीच्या शेवटाला आली आहेत, आणि त्यांना शिकवणाऱ्या कोणालाही विचारा, अकरावीच्या पहिल्या चाचणीत काय दिसले ते.

नांदेड जिल्ह्याला तर हा विषय नवा नसावा. कॉपीमुक्तीचा 'नांदेड पॅटर्न' राज्याला याच जिल्ह्याने दिला. श्रीकर परदेशी जिल्हाधिकारी होते तेव्हा इथल्या केंद्रांवर खऱ्या अर्थाने परीक्षा झाल्या आणि निकाल कोसळले. लोक चिडले, पण कोसळलेला निकाल खरा होता. शाळांचा पट मोजण्याचे कामही आधी नांदेडात झाले आणि मग 3 ते 5 ऑक्टोबर 2011 या तीन दिवसांत राज्यभर. एकच पोर दोन शाळांत मोजले जाऊ नये म्हणून बोटाला शाई लावली गेली. लाखो विद्यार्थी फक्त कागदावर असल्याचे तेव्हा उघड झाले. पुढे 2018 मध्ये अकरावी-बारावीच्या विज्ञान शाखेत बायोमेट्रिक हजेरी आणावी लागली, कारण कॉलेजात नाव आणि क्लासला शरीर अशी व्यवस्था नांदेड-लातुरात राजरोस चालली होती. कागदावरचा मुलगा आणि बाकावरचा मुलगा यांतले अंतर या भागाने डोळ्यांनी पाहिले आहे. ऑनलाइन वर्गात हे अंतर मोजण्याचे साधनच हरवते. कॅमेरा बंद, आवाज बंद, नावापुढे हिरवा ठिपका. ठिपका हजर, पोरगा शेतात. ज्या व्यवस्थेने शाई लावून मुले मोजली तिनेच आता ठिपक्यांवर विश्वास ठेवावा, हे मला पचत नाही. 2020 आणि 2021 च्या विद्यापीठांच्या घरबसल्या बहुपर्यायी परीक्षांत उत्तरे कोणत्या ग्रुपवरून येत होती हेही आपल्याला माहीत आहे. प्राध्यापकांना माहीत होते, पालकांनाही माहीत होते. गुणपत्रिका मात्र सगळ्यांनी घेतल्या.

आता बाजाराचा निकाल पाहू, कारण ऑनलाइनचे समर्थक बाजाराला फार मानतात. ज्यांनी ऑनलाइन शिकवणी विकून नाव आणि पैसा कमावला त्यांनी टाळेबंदी उठल्यावर काय केले? फिजिक्सवाला यूट्यूबवर वाढला. 2022 मध्ये त्याने कोट्यात वर्ग भाड्याने घेतले आणि मग गावोगाव केंद्रे काढली. अनअकॅडमीनेही त्याच वर्षी तेच केले. बायजूजनेही शिकवणी केंद्रे उघडली. दोनच वर्षांत, जुलै 2024 मध्ये, ती कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली ही वेगळी गोष्ट. फोनवर शिकता येते हे सांगून मोठे झालेल्या लोकांनी बाक विकत घेतले. कोणाच्या तत्त्वज्ञानासाठी नाही, पालक बाकाचे पैसे देतात म्हणून.

लातूरचा ट्यूशन एरिया हा याचाच पुरावा आहे. राजर्षी शाहू महाविद्यालयाच्या वर्गांतून उभा राहिलेला लातूर पॅटर्न पुढे क्लासच्या हाती गेला. त्यातल्या चुकांवर लिहायचे तर आणखी एक लेख लागेल. पण तिथे जून महिन्यात कॉट मिळत नाही, मेसला रांग लागते, आणि शेत गहाण ठेवून लोक मुलांना पाठवतात. तेच धडे, कधी कधी त्याच सरांचे, फोनवर फुकट असताना. पालक अडाणी आहेत म्हणून? त्यांना एक साधी गोष्ट माहीत आहे: घरी फोन समोर ठेवून बसलेले पोर आणि चाळीस पोरांत बसलेले पोर यांत फरक पडतो.

लातूरपर्यंत जायचीही गरज नाही. आपल्याकडच्या कुठल्याही तालुक्याच्या गावात एखादी अभ्यासिका शोधा. पत्र्याची असो, कॉम्प्लेक्सच्या दुसऱ्या मजल्यावरची असो. पोलीस भरती, तलाठी, एमपीएससीची तयारी करणारी मुले तिथे सकाळी सहापासून रात्रीपर्यंत बसलेली असतात. कानात इअरफोन, समोर पुण्याच्या सरांचे व्याख्यान. व्याख्यानाला त्यांचा एक पैसा खर्च होत नाही. महिन्याचे पैसे ते देतात खुर्चीचे, पंख्याचे, आणि शेजारी बसलेला दुसरा कोणी अभ्यास करतोय या गोष्टीचे. ज्या मुलांकडे चहाला पैसे नसतात ती मुले यासाठी पैसे देतात. मिश्र शिक्षणाचे सगळ्यात प्रामाणिक वर्णन मला या खोल्यांत दिसते. व्याख्यान आता फुकट झाले आहे आणि सोबत महाग. सरकारने मात्र नेमके उलटे केले. फुकट मिळणाऱ्या गोष्टीसाठी पोर्टल, स्टुडिओ, वाहिन्या उभारल्या आणि महाग गोष्ट पोरांच्या खिशावर सोडली.

उमरी तालुक्यात गोरट्याला कीर्तनकार दासगणू महाराजांची समाधी आहे. कीर्तन या भागाच्या रक्तात आहे. आज नामांकित कीर्तनकारांची हजारो कीर्तने फोनवर आहेत आणि लोक ती चवीने ऐकतातही. म्हणून सप्ताहाचा मांडव कोणी ऑनलाइन केला आहे का? चाळीस टक्के कीर्तन घरी ऐका, साठ टक्के मांडवात, असे सुचवणाऱ्याला गावाने काय उत्तर दिले असते ते सांगायला नको. शिक्षणाच्या बाबतीत मात्र आपण ही सूचना मान डोलावून ऐकून घेतो.

'ज्याला शिकायचे असते तो कुठेही शिकतो' हा आणखी एक लाडका युक्तिवाद. नांदेडात तो ऐकवताना हमखास नरहर कुरुंदकरांचे नाव घेतात. इंटरला नापास झालेले कुरुंदकर, पुढे पीपल्स कॉलेजचे प्राचार्य, सगळे स्वतः वाचून शिकले. पुस्तकांचे होते तसे आता इंटरनेटचे, असा त्याचा अर्थ लावला जातो. पण कुरुंदकर हैदराबादेत ज्यांच्याकडे राहिले ते मामा कोण होते? मराठीचे प्राध्यापक डॉ. ना. गो. नांदापूरकर. म्हणजे घरात विद्वान, गावात ग्रंथालय, भोवती वाद घालायला हैदराबाद संस्थानातली पेटलेली माणसे. असा स्वयंशिक्षित माणूस हे एकट्याने शिकण्याचे उदाहरण नव्हे. उलट, परीक्षा नापास झाली तरी माणसांची सोबत असेल तर काय घडते, त्याचे ते उदाहरण आहे. आणि अपवादांवर व्यवस्था उभारता येत नाही. हार्वर्ड आणि एमआयटी या जगातल्या दोन मातब्बर संस्थांनी सगळ्यांसाठी खुले ठेवलेले ऑनलाइन अभ्यासक्रम 2017-18 मध्ये नाव नोंदवणाऱ्यांपैकी किती जणांनी पूर्ण केले? 3.13 टक्के. 'ज्याला शिकायचे असते तो' म्हणजे इतके लोक. उरलेल्या जवळपास सत्त्याण्णवांसाठी जी असते तिला आपण शाळा म्हणतो.

ऑनलाइनच्या बाजूचा सगळ्यात वजनदार मुद्दा मुलींचा आहे, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. बारावीनंतर नांदेडला पाठवत नाहीत, म्हणून घरी बसून पदवी मिळाली तर काय वाईट? ज्यांचे लग्न झाले आहे, ज्या नोकरी करतात, ज्यांचे कॉलेज दहा वर्षांपूर्वी सुटले, त्यांच्यासाठी काहीच वाईट नाही, उत्तमच आहे. पण ज्या मुलीच्या गावाहून कॉलेजपर्यंत एसटी जाते तिला घरी बसवणे ही सवलत नव्हे. सिंधी किंवा बोळसा अशा गावातल्या अठरा वर्षांच्या मुलीला रोज घराबाहेर पडायला समाजाने मान्य केलेले एकच कारण असते: कॉलेज. ती घरी राहून शिकू लागली की ती घरी राहते एवढे नक्की होते. शिकणे मग धाकट्या भावाच्या, पाहुण्यांच्या चहाच्या, गुरांच्या आणि स्थळांच्या सोयीने होते. फोन असतो, पण कोणाचा? 2024 च्या 'असर'मध्ये फोन वापरता येणाऱ्या 14 ते 16 वयाच्या मुलग्यांपैकी 36.2 टक्क्यांचा फोन स्वतःचा होता, मुलींपैकी 26.9 टक्क्यांचा. चाळीस टक्के ऑनलाइन म्हणजे आठवड्यातले दोन-अडीच दिवस तिला बाहेर पडायला कारण उरणार नाही, हे धोरण आखणाऱ्यांना जाणवत नसेल, तिच्या घरच्यांना लगेच जाणवेल.

आणि गंमत अशी की याच सरकारने उलट दिशेने बरेच चांगले केले आहे. अहिल्यादेवी होळकर योजनेत बारावीपर्यंत खेड्यातल्या मुलींना एसटीचा मोफत पास मिळतो. 17 मार्च 2023 पासून बायकांना अर्धे तिकीट आहे. जुलै 2024 मध्ये आठ लाखांच्या आतल्या उत्पन्नाच्या घरातल्या मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शुल्क माफ झाले. मुलींच्या शिक्षणासाठी कोणत्याही पोर्टलपेक्षा अर्ध्या तिकिटाने जास्त काम केले असेल, असे माझे मत आहे. एका हाताने तिला गाडीत बसवायचे आणि दुसऱ्या हाताने 'घरीच थांब, लिंक येईल' म्हणायचे, यातले नेमके धोरण कोणते?

'मग तंत्रज्ञान नकोच का?' हा प्रश्न मला विचारला जाईल. विचारू नये, कारण महाराष्ट्राने मिश्र शिक्षण आयोगाच्या टिपणाच्या कितीतरी आधी करून दाखवले आहे. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ 1989 मध्ये नाशिकला सुरू झाले. पहिले कुलगुरू राम ताकवले. 'ज्ञानगंगा घरोघरी' हे त्यांचे ब्रीद, पण ताकवल्यांनी गंगा नुसती टपालाने पाठवली नाही. स्वतः वाचून समजेल अशी पुस्तके लिहून घेतली आणि गावोगाव अभ्यासकेंद्रे काढली, तिथे संपर्कसत्रे ठेवली. पुढे काही केंद्रांचे काय झाले, संपर्कसत्रांच्या नुसत्या सह्या कशा झाल्या, तेही ठाऊक आहे. बिघडले ते माणसाच्या बाजूने, पुस्तकाच्या नाही. 2001 मध्ये एमकेसीएलची एमएस-सीआयटी आली. तीत धडे संगणकावर होते, परीक्षा संगणकावर होती, पण शिकणारा केंद्रात येऊन खुर्चीवर बसत होता आणि अडला की हाक मारायला एक मुलगी किंवा मुलगा तिथे असायचा. तालुक्यातल्या पन्नाशीच्या कारकुनांनी पहिल्यांदा माऊस हातात धरला तो असा. पारितेवाडीच्या रणजितसिंह डिसले यांचे नाव क्यूआर कोडसाठी घेतले जाते, आणि कोड पाठ्यपुस्तकांवर आले हेही चांगले झाले. पण डिसेंबर 2020 मध्ये त्यांना मिळालेला जागतिक पुरस्कार शिक्षकाला दिला जातो, कोडला नाही. सोलापूर जिल्ह्यातल्या त्या शाळेत कोड स्कॅन करणाऱ्या मुलींसमोर एक माणूस उभा होता.

याच्याही मागे जायचे तर 1975-76 च्या 'साइट' प्रयोगाकडे जावे लागेल. सहा राज्यांतल्या सुमारे 2,400 गावांत उपग्रहावरून दूरदर्शन पोचले. शेजारच्या कर्नाटकात गुलबर्गा, रायचूर, विजापूर हे जिल्हे त्यात होते. गावातल्या सामूहिक टीव्हीपुढे लोक जमत. वर्षाने उपग्रह परत गेला, कारण तो अमेरिकेचा होता, आपण तो वापरायला घेतला होता. उसन्या छपराखाली शाळा भरवण्याचा धडा तेव्हाच मिळाला होता. आज छप्पर एखाद्या कंपनीच्या अॅपचे असते, एवढाच फरक.

म्हणून मागणी साधी आहे. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या चारही जिल्ह्यांत, नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोलीत, ज्या कॉलेजच्या वेळापत्रकात ऑनलाइन भाग येईल त्या कॉलेजने त्याच पानावर उरलेल्या साठ टक्क्यांचा हिशोब छापावा. हा वर्ग कोण घेणार, पद भरलेले आहे की सीएचबी, सीएचबी असेल तर विद्यार्थ्यांना भेटण्याचे तास किती आणि त्यांचे पैसे कोण देणार. कॉलेजच्या एका खोलीत संध्याकाळी सातपर्यंत वीज, नेट आणि एक माणूस राहणार का, म्हणजे पोरांना अभ्यासिकेला पैसे द्यावे लागणार नाहीत. सीएचबीच्या देयकात 'तासिका' या रकान्याशेजारी 'भेटीचे तास' असा दुसरा रकाना घालायला फार खर्च नाही, नुसता नमुना बदलावा लागेल. तो रकाना ज्या वर्षी छापला जाईल आणि त्यात काही रक्कम भरली जाईल, त्या वर्षापासून चाळीस टक्क्यांवर चर्चा करायला मी तयार आहे. पन्नास म्हणालात तरी ऐकून घेईन.